जोडीनंच या, असं का म्हणतात ते

अगं, तुझा मेसेज वाचला. ‘अभिनंदन, तुमचं नाव लकी ड्रॉमध्ये निघालंय, तीन रात्री चार दिवसांचं फॅमिली व्हाउचर अगदी मोफत, फक्त रविवारी पुण्यात हॉटेलवर येऊन घेऊन जा’ असा फोन आला आणि तू विचारतेयस, जाऊ का? बघ, पोरांच्या शाळेची फी, सासूबाईंचं गुडघ्याचं औषधपाणी, गाडीचा हप्ता हे सगळं ओढून तुला पोरांना चार दिवस कुठंतरी न्यायचंय. त्यात राहण्याचे पैसे वाचले तर कुणाला नको असतात? यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून आधी माझं मत सांगते आणि मग कारणं. जायचंच असेल तर जा, पण ‘आज काहीही घ्यायचं नाही’ हे दोघांनी घरातून निघतानाच ठरवून जा. आणि खरं सांगू का, नाही गेलीस तरी तुझी सहल स्वस्तात होते. ती कशी, तेही सांगते, जरा धीर धर.

पहिली गोष्ट, त्यांना तुझा नंबर मिळाला कुठून ते आठव. पेट्रोल पंपावर, मॉलमध्ये, प्रदर्शनात कुणीतरी हसतमुख पोरगी कुपन पुढं करते. नाव, मोबाइल, लग्नाचा वाढदिवस, गाडी कुठली, नवरा काय करतो, महिन्याचं उत्पन्न किती. आपण पेट्रोल भरून होईस्तोवर ते लिहून मोकळ्या होतो. आपल्या हायवेवर, खेड शिवापूरपासून साताऱ्याकडं, पंप आणि हॉटेलं काय कमी आहेत का? तो लकी ड्रॉ म्हणजे बहुतेक वेळा ज्यांचं उत्पन्न त्यांच्या हिशोबात बसतं अशा जोडप्यांची यादी असते. तुझं नशीब फळफळलं म्हणून फोन आलेला नाही, तुमच्या घरात दोन पगार येतात म्हणून आलाय. हे कळलं की मनावरचं अर्धं ओझं उतरतं बघ, कारण ‘नाही गेलो तर लक्ष्मीला पाठ दाखवली’ असं वाटायचं कारण उरत नाही.

आता फोनवरच्या अटी पुन्हा आठव. नवरा-बायको दोघांनी यायचं, एकटीनं आलं तर व्हाउचर नाही. वय अमुक ते अमुक. येताना क्रेडिट कार्ड ‘ओळखपत्र म्हणून’ आणायचं. जोडीनंच का, तर ‘घरी जाऊन ह्यांना विचारते’ म्हणायची वाट बंद व्हावी म्हणून. आपल्या बायकांची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भरवशाची पळवाट तीच आहे गं, आणि पुरुषांचीही. दोघं शेजारी शेजारी बसली की ती आपोआप बुजते. आणि कार्ड का, ते तर मी सांगायला नकोच. ओळख पटवायला आधार कार्ड पुरतं.

आता या धंद्याविषयी थोडं नीट सांगते, कारण सगळेच चोर असं म्हणणं बरोबर नाही. वर्षातला एक आठवडा रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क आगाऊ विकत घ्यायचा, याला टाइमशेअर म्हणतात. आपल्या देशात स्टर्लिंग हॉलिडेज १९८६ मध्ये सुरू झाली, क्लब महिंद्रा चालवणारी महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये. क्लब महिंद्राची नेहमीची मेंबरशिप २५ वर्षांची, वर्षाला सात रात्री, त्यात पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू असे हंगामाचे रंग, आणि शिवाय दरवर्षी भरायची फी. दरवर्षी न चुकता फिरणारी, तारखा महिने-महिने आधी ठरवू शकणारी माणसं आहेत आणि त्यातली कितीतरी समाधानी आहेत. अशा मोठ्या नावांच्या मागं मात्र पाच-पन्नास छोटे क्लब उभे राहतात. आज बोर्ड आहे, पुढच्या वर्षी ऑफिसला कुलूप. फोन कोणाचा आहे ते तुला नीट कळलंच नाही असं तू लिहिलंयस. मग आधी कंपनीचं पूर्ण नाव विचार, ते मेसेजवर लिहून मागव. लिहून द्यायला खळखळ केली की तिथंच विषय संपला.

आता त्या व्हाउचरचा हिशोब करू, कारण तू पैसे वाचवायला निघालीयस ना? अशा व्हाउचरमध्ये बहुतेक वेळा फक्त खोली असते. जाण्यायेण्याचा खर्च आपला, जेवणखाण आपलं. ‘प्रोसेसिंग’ किंवा ‘युटिलिटी’ नावाखाली काही हजार आधी भरायचे. दोन मोठी आणि दोन लहान मुलं चालतात, सासू-सासरे आले की जादा पैसे. तारखा महिना-दीड महिना आधी कळवायच्या आणि ‘उपलब्धतेनुसार’ मिळणार. दिवाळी, नाताळ, मे महिना, सलग सुट्ट्या वगळून. आता तूच सांग, तुमच्या घरात या अटी बसतात का? मामंजींची भातखाचरं भाटघरकडं. दिवाळीच्या सुट्टीत कापणी कधी उरकेल ते पावसावर. तुला आठ दिवसांपेक्षा आधी तारीख सांगता येत नाही आणि त्यांना दीड महिना आधी हवी. मे महिना त्यांना चालत नाही. उरतो जुलै-ऑगस्ट, म्हणजे पोरांची शाळा आणि तुमची लावणी. असं व्हाउचर ड्रॉवरमध्ये पडून मुदत संपते, आणि मुदत संपली की विक्रीवाल्यांचं काही बिघडत नाही.

शिवाय रविवारचा खर्च मांड. कापूरहोळहून पुण्यात जाऊन यायचं पेट्रोल, टोल, हॉटेलचं पार्किंग, पोरांना दुपारी भूक लागली की बाहेरचं खाणं. ‘साठ मिनिटांचा कार्यक्रम’ म्हणतात, तो तीन तास चालतो. आठवड्यातला तुझा एकुलता एक मोकळा दिवस आहे तो, त्यालाही किंमत आहे की नाही?

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांकडून तू ऐकलं असशील की आम्ही असं केलं आणि स्वस्तात फिरलो. तेही खोटं नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोला जाणारी कुटुंबं दीड तासाचं असं सत्र ऐकून थीम पार्कची तिकिटं किंवा हॉटेलची खोली खूप कमी पैशात मिळवतात. पण तिथं दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ती माणसं आधीच ऑरलँडोला पोचलेली असतात, तिकीट त्याच आठवड्यात वापरायचं असतं, त्यामुळं बचत खरोखर हाती पडते. आणि भिडेपोटी सही झालीच तरी फ्लोरिडाच्या कायद्यात दहा दिवसांच्या आत करार रद्द करता येतो. युरोपात चौदा दिवस मिळतात. आपल्याकडं टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. करारात रद्द करायची मुदत लिहिली असेल तेवढीच आपली. म्हणून परदेशातल्या आपल्या लोकांचा सल्ला इथं जशाचा तसा चालत नाही गं.

तरीही तुझ्या ह्यांना एकदा जाऊन बघायचंच असेल, तर तिथं काय होतं ते आधीच सांगून ठेवते म्हणजे गडबडणार नाहीस. मोठा हॉल, गोल टेबलं, गाणी जरा जास्तच मोठ्यांदा लावलेली. पोरांना रंगीत कागद देऊन बाजूला बसवतात. तुमच्या टेबलावर एक गोड बोलणारा मुलगा येतो आणि पहिला अर्धा तास विकायचं नावच काढत नाही. कुठं कुठं फिरलात? पोरांना समुद्र आवडतो की डोंगर? शेवटची सहल कधी? सहलीला साधारण किती खर्च येतो? तू मनापासून उत्तरं देतेस, आणि तीच उत्तरं तासाभरानं कागदावर आकडे होऊन तुझ्यासमोर येतात. ‘मॅडम, तुम्हीच म्हणालात वर्षाला चाळीस हजार जातात, पंचवीस वर्षांचे झाले दहा लाख, आम्ही तर चारच लाख मागतोय.’ मध्येच कुठल्यातरी टेबलावर टाळ्या वाजतात, माइकवरून नाव घेऊन नव्या मेंबरचं अभिनंदन होतं. ते बघून आपल्याला वाटतं, सगळे घेतायत, आपणच मागं.

तू नाही म्हणालीस की मॅनेजर येतो. किंमत खाली येते. अजून नाही म्हटलं की आणखी खाली, पण ‘फक्त आजच, फक्त या टेबलावर’. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. जी किंमत उद्या मिळत नाही ती विचार करू नये म्हणूनच लावलेली असते. मग शेवटचा वार होतो तो तुझ्यावर नाही, ह्यांच्यावर. ‘सर, फॅमिलीसाठी एवढं पण नाही?’ भल्या माणसाला ते लागतं. बायकोपोरांसमोर आपण कद्रू दिसू नये म्हणून पुरुषमाणूस खिशात हात घालतो. म्हणून घरून निघतानाच ह्यांना सांगून ठेव, ‘तिथं तुम्हाला कुणी काही बोललं तर उत्तर मी देईन.’ त्यांनाही हायसं वाटेल बघ.

उत्तर काय द्यायचं? कारण अजिबात द्यायचं नाही. ‘पैसे नाहीत’ म्हटलं की ते ईएमआय काढतात, ‘वेळ नाही’ म्हटलं की शनिवार-रविवार दाखवतात, ‘सासूबाई एकट्या असतात’ म्हटलं की सासूबाईंची खोलीसुद्धा त्यात बसवतात. प्रत्येक कारणाला त्यांच्याकडं तयार उत्तर असतं, रोज तेच करतात ती मुलं. तू फक्त म्हण, ‘आम्ही आज काही घेणार नाही. कराराची प्रत द्या, घरी वाचून कळवतो.’ प्रत देत नसतील तर पर्स उचल. कार्डं घरी ठेव, दोघांचीही, आणि मोबाइलवरचा ओटीपी कुणालाही सांगू नकोस. सुरुवातीलाच घड्याळ दाखवून सांग की आम्ही अमुक वाजता निघणार, आणि त्या वेळेला ऊठच. उठून जाणं हा उद्धटपणा नाही. पाहुण्यांच्या घरून चहा न घेता उठायला आपल्याला जड जातं, ती सवय तिथं नेमकी कामाला लावली जाते.

आणि आकडेमोड तिथल्या कागदावर करू नकोस, आपल्या वहीत कर. समज मेंबरशिप चार लाखांची. २५ वर्षांनी भागलं की वर्षाला १६ हजार होतात, सात रात्री, म्हणजे रात्रीला तेवीसशेच्या आत. ऐकायला छानच आहे. पण तेच चार लाख ७ टक्क्यांनी बँकेत ठेवलेस तर वर्षाला २८ हजार व्याज येतं आणि मुद्दल जागेवर राहतं. त्या व्याजात वार्षिक फी मिळव, धर पंधरा हजार. झाले ४३ हजार. सात रात्रींनी भाग, रात्रीला सहा हजारांच्या वर गेलं. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. फी दरवर्षी वाढत जाते आणि ज्या वर्षी कुठंच गेला नाहीत त्या वर्षीही ती भरावीच लागते. हप्त्यानं घेतलं तर त्यावरचं व्याज आणखी वेगळं. तुमच्या घरात तर दहावी येणार, बारावी येणार, घराचं काम निघणार. त्या त्या वर्षी सहल राहिली तर कुणी दोष देणार नाही, फी मात्र थांबणार नाही. तुम्ही दरवर्षी आठवडाभर, महागड्या रिसॉर्टवर, ठरलेल्या तारखांना जाणारी माणसं असता तर मीच म्हटलं असतं की विचार कर. तुम्ही तशी नाही आहात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

तुझ्या मेसेजच्या शेवटी ते जावेचं वाक्य होतं, तेही विसरले नाही मी. तिनं गेल्या महिन्यात असं काहीतरी घेतलंय आणि आता रात्री झोप लागत नाही तिला. तिला आधी सांग की रडत बसू नकोस, करार काढ आणि रद्द करायची मुदत शोध. मुदत उरली असेल तर आजच ईमेल कर आणि सोबत स्पीड पोस्टानं पत्र पाठव, पावती जपून ठेव. फोनवर गोड बोलून दिवस घालवतात, म्हणून सगळं लेखी. मुदत गेली असली तरी वाट संपत नाही. तोंडी जे जे कबूल केलं होतं ते मिळालं नाही तर ती तक्रार होते. बक्षीस देऊ म्हणायचं आणि द्यायचा इरादाच नसायचा, याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलंय. पहिल्यांदा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. त्यानं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, दोन वर्षांच्या आत जायचं. आणि कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात असलं तरी तक्रार आपल्या पुणे जिल्ह्यातच करता येते. हे तिला नक्की सांग. बाहेरगावी खेटे घालावे लागतील या धास्तीनंच निम्म्या बायका गप्प बसतात.

आणखी एक. काही दिवसांनी तिला असा फोन येऊ शकतो की ‘तुमची मेंबरशिप आम्ही विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जीएसटीचे पैसे आधी भरा.’ एक रुपया भरायचा नाही. एकदा पोळलेल्या माणसांनाच शोधून असे फोन केले जातात. तुझ्याही फोनवर हे विक्रीचे कॉल थांबवायला १९०९ वर नोंदणी कर, पाच मिनिटांचं काम आहे.

आता सहलीचं. कापूरहोळसारख्या नाक्यावर राहून तू खोलीच्या व्हाउचरसाठी रविवार घालवायचा म्हणतेस, याचंच मला नवल वाटतं! चौकात उभी राहिलीस की एका अंगाला भोर, दुसऱ्या अंगाला नारायणपूर-सासवड, समोर साताऱ्याचा रस्ता. पुण्यामुंबईची माणसं दर शनिवार-रविवारी बनेश्वर आणि केतकावळ्याच्या बालाजीला गाड्या भरून येतात, ते तुमच्या अंगणात आहे. पण मला ठाऊक आहे, पोरांना ते रोजचं झालंय. त्यांना समुद्र हवा.

मग समुद्रच धर. भोरवरून वरंधा घाट उतरून महाड, पुढं हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर. तिथं घरगुती राहण्याची सोय भरपूर आहे, अंगणात झोपाळा, जेवायला गरम भाकरी आणि सांगितलं तर उकडीचे मोदक. हरिहरेश्वरला एमटीडीसीचं निवासस्थानही आहे. वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवतात, कधी पावसाळ्यानंतरही काम चालू असतं, म्हणून निघायच्या आधी भोरला चौकशी कर. बंद असेल तर ताम्हिणीनं जा. दिवाळीत लक्ष्मीपूजन ते पुढचा रविवार सोडून दे, तेव्हा दर चढलेले असतात. शाळेची सुट्टी त्यानंतरही उरते. सोमवार ते गुरुवार गेलात तर त्याच खोलीचे दर बरेच उतरतात आणि घासाघीस करायलाही जागा असते. तोवर तुमची कापणीही बहुधा आटोपलेली असेल. आठवडाभर आधी फोन केला तरी मधल्या वारी खोली मिळते, दीड महिना आधी कुणी मागत नाही.

गाडीचं पेट्रोल परवडत नसेल तर एसटी आहे की. मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट निम्म्यात, सासूबाई पंच्याहत्तरीच्या आत असल्या तरी निम्म्यात आणि मामंजी पंच्याहत्तरी ओलांडलेले असले तर त्यांना फुकट. लहान पोरांचं अर्धं. म्हणजे अख्ख्या घरात पूर्ण तिकीट काढणारे तुझे हेच एकटे! जास्त ठिकाणं करायची असतील तर ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास मिळतो, त्याचे दर भोरच्या स्टँडवर विचार आणि मग दोन्ही हिशोब शेजारी शेजारी मांड. तुमच्या घरात सवलतीची तिकिटं इतकी आहेत की कदाचित साधं तिकीटच स्वस्त पडेल.

जमेल गं तुला. घर, शेत, नोकरी यांचं वेळापत्रक तू बसवतेस, चार दिवसांची सहल काय अवघड आहे? खोली ठरवताना फक्त तीन गोष्टी आधी विचारून घे. पोरांच्या ताटाला पूर्ण पैसे लावतात की अर्धे, सकाळी गरम पाणी मिळतं का, आणि सासूबाईंसाठी तळमजल्यावर खोली आणि कमोड आहे का. शेवटचं उत्तर ‘हो’ आलं तरच आगाऊ पैसे पाठव.